आइस हॉकीतील ‘वेव्हर’: सातव्या बचावपटूची कोंडी

हॉकी म्हटले की भारतीय वाचकाच्या डोळ्यांसमोर ध्यानचंद आणि हिरवे मैदान उभे राहते. कॅनडा व अमेरिकेत मात्र हॉकी म्हणजे बर्फावरचा खेळ. तेथील नॅशनल हॉकी लीग, अर्थात एनएचएल, १९१७ मध्ये स्थापन झाली आणि आज तिच्यात ३२ संघ आहेत. ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत चालणाऱ्या या लीगमध्ये सामन्यांच्या निकालांइतक्याच नियमितपणे आणखी एक बातमी येत असते. अमुक बचावपटूला खालच्या संघातून वर बोलावले, तमुक बचावपटूला खाली धाडले. वरवर पाहता हा संघनिवडीचा नित्याचा भाग वाटतो. प्रत्यक्षात कोण वर येणार आणि कोण खाली जाणार, याचा निर्णय पुष्कळदा प्रशिक्षकाच्या पसंतीपेक्षा ‘वेव्हर’ नावाच्या नियमावर अवलंबून असतो. या नियमाची सर्वाधिक झळ बचावपटूंना बसते, आणि त्यामागे या खेळाचेच काही अंगभूत कारण आहे.

दोन स्तरांची रचना

एनएचएलच्या खाली अमेरिकन हॉकी लीग (एएचएल) आहे. १९३६ पासून चालत आलेल्या या लीगमध्येही आता ३२ संघ असून प्रत्येक संघ एनएचएलमधील एकेका संघाशी जोडलेला आहे. टोरोंटो मेपल लीफ्सचा दुय्यम संघ टोरोंटो मार्लीज त्याच शहरात खेळतो, तर व्हँकुव्हर कनक्सचा दुय्यम संघ जवळच्या अ‍ॅबट्सफर्ड गावी आहे. याउलट कॅनडातील एडमंटन ऑइलर्सचे उमेदवार थेट कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड येथे तयार होतात. एएचएलच्याही खाली ईसीएचएल ही तिसरी पायरी आहे.

या रचनेची तुलना रणजी आणि कसोटी संघाशी करण्याचा मोह होईल, पण ती फसवी ठरेल. रणजीतील मुंबईचा किंवा महाराष्ट्राचा संघ स्वतःसाठी खेळतो. एएचएलमधील बहुतेक महत्त्वाचे खेळाडू मात्र वरच्या संघाच्या करारात बांधलेले असतात. एनएचएलमधील संघाला एका वेळी जास्तीत जास्त ५० खेळाडूंशी करार करता येतात. परंतु हंगामाच्या मोठ्या काळात प्रत्यक्ष संघात २३ जणांनाच ठेवता येते. उरलेले खेळाडू खालच्या स्तरावर आपली पाळी येण्याची वाट पाहतात. एनएचएलमध्ये खेळणाऱ्या दहापैकी जवळपास नऊ जणांनी कधी ना कधी एएचएलचे बर्फ तुडवलेले असते.

सहा जणांचे गणित

सामन्यासाठी प्रत्येक संघ २० खेळाडू उतरवतो. साधारणपणे त्यात १२ आघाडीपटू, ६ बचावपटू व २ गोलरक्षक असतात. बर्फावर एका वेळी तीन आघाडीपटू, दोन बचावपटू आणि एक गोलरक्षक खेळतो. हा खेळ इतका दमवणारा आहे की पाऊण मिनिटाच्या आसपास खेळून खेळाडू बाकावर परततो व दुसरी फळी उतरते.

येथेच बचावपटूंची अडचण सुरू होते. ६० मिनिटांच्या सामन्यात बचावाच्या दोन जागांची मिळून १२० मिनिटे होतात. ती सहा जणांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी २० मिनिटे येतात. एक जण पहिल्याच सत्रात जायबंदी झाला, तर उरलेल्या पाच जणांवर सरासरी २४ मिनिटांचा भार पडतो. आघाडीच्या तीन जागांची १८० मिनिटे मात्र १२ जणांत विभागलेली असतात. तेथे एक खेळाडू कमी झाला तरी १५ मिनिटांची सरासरी जेमतेम सव्वासोळा-साडेसोळापर्यंत चढते. त्यातच बचावपटू जोडीने खेळतात, आणि शक्यतो एक डावखुरा व एक उजवा अशी जोडी प्रशिक्षकांना हवी असते. प्रतिस्पर्ध्याचे फटके अंगावर झेलणे आणि कडेच्या कठड्यापाशी धडका सोसणे हे त्यांचे रोजचे काम असल्याने दुखापती ठरलेल्याच.

म्हणून बहुतेक संघ २३ जणांत सात किंवा आठ बचावपटू ठेवतात आणि खालच्या संघातील आणखी दोघातिघांवर नजर ठेवून असतात. सातव्या क्रमांकाचा बचावपटू ही या खेळातील एक वेगळीच जात आहे. तो सराव पूर्ण करतो, संघाबरोबर प्रवास करतो आणि बहुतेक सामने साध्या कपड्यांत प्रेक्षागृहाच्या वरच्या कक्षात बसून पाहतो.

वेव्हर म्हणजे काय?

वेव्हर म्हणजे हक्क सोडल्याची नोटीस. एनएचएलच्या संघाला एखादा खेळाडू एएचएलमध्ये पाठवायचा असेल आणि त्याला नियमातून सूट नसेल, तर त्याचे नाव आधी उरलेल्या ३१ संघांपुढे ठेवावे लागते. त्यासाठी २४ तासांची मुदत असते. या अवधीत कोणत्याही संघाने मागणी केली, तर तो खेळाडू चालू करारासह त्या संघाचा होतो. मूळ संघाला त्याच्या बदल्यात दुसरा खेळाडू मिळत नाही. एकापेक्षा अधिक संघांनी मागणी केल्यास सर्वांत दुबळ्या संघाला प्राधान्य मिळते. हंगामाच्या सुरुवातीला, १ नोव्हेंबरपर्यंत, त्यासाठी गेल्या वर्षीची क्रमवारी पाहिली जाते व त्यानंतर चालू हंगामातील कामगिरी. कोणीच मागणी केली नाही, तर खेळाडू ‘वेव्हर पार’ झाला असे म्हणतात आणि त्याला खाली पाठवण्याचा मार्ग मोकळा होतो.

मागणी करणाऱ्या संघावरही बंधन आहे. त्याला हा खेळाडू आपल्या मुख्य संघात ठेवावा लागतो. पुन्हा वेव्हरमधून नेल्याशिवाय त्याला एएचएलमध्ये धाडता येत नाही. त्यामुळे दुसऱ्याचा माणूस घ्यायचा तर आपल्या २३ जणांतून कोणाला तरी बाहेर काढावे लागते. हंगामाच्या तोंडावर सगळेच संघ आपली यादी २३ वर आणत असतात, तेव्हा वेव्हरच्या यादीत एकाच दिवशी डझनांनी नावे येतात ती याच हिशेबाने. सर्वांचीच घरे भरलेली असताना आपला पाहुणा कोणी पळवणार नाही, अशी प्रत्येक व्यवस्थापकाची अटकळ असते.

पार झालेल्या खेळाडूला कायमचा परवाना मिळत नाही. त्याला वर बोलावून पुन्हा खाली पाठवता येते, पण मुख्य संघात एकूण ३० दिवस काढण्यापूर्वी आणि १० सामने खेळण्यापूर्वीच. ही मर्यादा गाठली की पुन्हा नवी नोटीस, पुन्हा ३१ संघ आणि पुन्हा तीच २४ तासांची धाकधूक.

सूट कोणाला?

तरुण खेळाडूंना काही काळ या नियमातून सूट असते. ती दोन गोष्टींवर ठरते: पहिला करार करतानाचे वय आणि त्यानंतर एनएचएलमध्ये खेळलेले सामने. वर्षे किंवा सामने यांपैकी जी मर्यादा आधी गाठली जाईल, तेव्हा सूट संपते. गोलरक्षक वगळता इतरांसाठी ढोबळ कोष्टक असे:

१८व्या वर्षी करार: ५ वर्षे किंवा १६० सामने
१९व्या वर्षी: ४ वर्षे किंवा १६० सामने
२०व्या वर्षी: ३ वर्षे किंवा १६० सामने
२१व्या वर्षी: ३ वर्षे किंवा ८० सामने
२२व्या वर्षी: ३ वर्षे किंवा ७० सामने
२३व्या वर्षी: ३ वर्षे किंवा ६० सामने
२४व्या वर्षी: २ वर्षे किंवा ६० सामने
२५ किंवा अधिक: १ वर्ष

अठरा-एकोणीस वर्षांच्या खेळाडूने एकाच हंगामात ११ सामने खेळले, तर त्याची सूट आणखी लवकर संपते. गोलरक्षकांसाठी वेगळे आकडे असून त्यांना तुलनेने अधिक वर्षे मिळतात.

एका गैरसमजाचे निराकरण येथे केले पाहिजे. खेळाडूंचे करार ‘एकमार्गी’ आणि ‘दुमार्गी’ असे दोन प्रकारचे असतात. दुमार्गी करारात दोन स्तरांसाठी दोन वेगळे पगार असतात, तर एकमार्गीत खेळाडू कोठेही खेळला तरी पगार तोच राहतो. दुमार्गी करार असलेल्याला वेव्हर लागत नाही, असे अनेक प्रेक्षक समजतात. ते खरे नाही. कराराचा प्रकार फक्त पगार ठरवतो. वेव्हर वयावर आणि अनुभवावर ठरतो.

पिकण्याच्या वेळीच मुदत संपते

आता या कोष्टकाकडे बचावपटूच्या दृष्टीने पाहू. १८व्या किंवा २०व्या वर्षी करार केलेल्या खेळाडूची सूट साधारण तेविसाव्या वर्षी संपते. चपळ आघाडीपटू या वयात स्थिरावलेला असतो. बचावपटूचे तसे नाही. त्याला उलट्या दिशेने सरकत समोरून येणारा हल्ला वाचावा लागतो, जोडीदार कोठे आहे याचे भान ठेवावे लागते आणि दबावाखाली चेंडूऐवजी वापरली जाणारी रबरी चकती, म्हणजे पक, सुरक्षित बाहेर काढावी लागते. आघाडीपटूची चूक मागे असलेला कोणीतरी सावरतो. बचावपटूच्या चुकीमागे फक्त गोलरक्षक उरतो. ही जाण सरावाने आणि सामन्यांनी येते. त्यामुळे अनेक बचावपटू चोविशी-पंचविशीनंतरच खऱ्या अर्थाने तयार होतात. म्हणजे संघ त्याला पूर्णपणे ओळखण्यापूर्वीच त्याच्यावर हक्क सांगण्याची मुभा इतरांना मिळते.

यातून निवडीचा एक चमत्कारिक क्रम तयार होतो. समजा, एखाद्या संघाचा बचावपटू दहा दिवसांसाठी जायबंदी झाला. खालच्या संघात दोन पर्याय आहेत. एक २६ वर्षांचा, अनुभवी आणि भरवशाचा. पण यापूर्वीच्या बोलावण्यांत तो नऊ सामने खेळून चुकला आहे. दुसरा २१ वर्षांचा, अजून कच्चा, पण सूट असलेला. पहिल्याला उतरवले की दहावा सामना होतो आणि त्याला परत पाठवताना वेव्हरचा धोका पत्करावा लागतो. दुसरा मात्र कितीही वेळा येऊ-जाऊ शकतो. अशा वेळी व्यवस्थापक तरुणालाच बोलावतो, आणि दोघांत सरस कोण हा प्रश्न मागे पडतो.

मुख्य संघातही हीच उलथापालथ दिसते. सरावात चमकलेला, पण सूट असलेला तरुण खाली जातो, कारण त्याला पाठवण्यात काही गमावण्यासारखे नसते. त्याच्याहून किंचित मागे असलेला चोवीस वर्षांचा बचावपटू संघात राहतो, पण खेळत नाही. त्याला खाली पाठवले तर दुसरा संघ नेईल, आणि वर ठेवले तर सामन्यांअभावी तो गंजेल. सातव्या बचावपटूची कोंडी ती हीच. यावर एक मर्यादित उतारा आहे. खेळाडूच्या संमतीने त्याला जास्तीत जास्त १४ दिवस सरावासाठी एएचएलमध्ये पाठवता येते व त्यासाठी वेव्हर लागत नाही. मात्र तेवढा काळ तो मुख्य संघाच्या यादीतच मोजला जातो.

कॅरोलिनाने सोडलेला खेळाडू

या नियमाने एखाद्याचे आयुष्य कसे पालटते, याचे ठळक उदाहरण म्हणजे स्वीडनचा गुस्ताव फोर्सलिंग. २०१४ च्या निवडीत व्हँकुव्हरने त्याला पाचव्या फेरीत घेतले आणि काही महिन्यांतच शिकागोला दिले. शिकागोकडून तीन हंगामांत तो १२२ सामने खेळला. २०१९ मध्ये त्याची रवानगी कॅरोलिना हरिकेन्सकडे झाली. तेथे २०१९-२० च्या संपूर्ण हंगामात त्याला मुख्य संघाकडून एकही सामना मिळाला नाही. तो शार्लट चेकर्स या दुय्यम संघातच राहिला. जानेवारी २०२१ मध्ये, नवा हंगाम सुरू होण्याच्या काही दिवस आधी, कॅरोलिनाने त्याचे नाव वेव्हरवर टाकले. फ्लोरिडा पँथर्सने मागणी केली आणि एका दिवसात तो फ्लोरिडाचा झाला.

तेव्हा तो २४ वर्षांचा होता. बचावपटू ज्या वयात उमलतात, नेमके तेच वय. फ्लोरिडात तो पहिल्या जोडीचा खेळाडू बनला. मार्च २०२४ मध्ये संघाने त्याच्याशी आठ वर्षांचा, ४ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षे एडमंटनला हरवून फ्लोरिडाने स्टॅन्ली चषक जिंकला, तेव्हा त्याच्या बचावाचा कणा फोर्सलिंग होता. कॅरोलिनाच्या हाती मात्र त्याच्या बदल्यात काहीच लागले नव्हते. वेव्हरचा हेतू नेमका हाच आहे. एका संघात जागा नाही म्हणून चांगला खेळाडू खालच्या स्तरावर कुजत राहू नये आणि दुसऱ्या संघाला त्याला संधी देता यावी.

खाली अडकलेला रेडन

नियमाची दुसरी बाजू वेड रेडनच्या वाट्याला आली. ओटावा संघाकडून अकरा हंगाम खेळलेल्या या नामांकित बचावपटूशी न्यूयॉर्क रेंजर्सने २००८ मध्ये सहा वर्षांचा, ३ कोटी ९० लाख डॉलरचा करार केला. वर्षाला सरासरी ६५ लाख डॉलर. त्याचा खेळ उतरणीला लागला आणि एवढा पगार संघाला जड होऊ लागला. एनएचएलमध्ये २००५-०६ पासून संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा आहे. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती. २०२५-२६ मध्ये ती ९ कोटी ५५ लाखांवर पोहोचली. त्या काळी खेळाडू एएचएलमध्ये गेला की त्याचा पगार या मर्यादेत धरला जात नसे.

२०१० च्या हंगामापूर्वी रेंजर्सने रेडनला वेव्हरवर टाकले. एवढा महागडा करार कोणीही घेतला नाही. तो एएचएलमधील हार्टफर्डच्या संघात गेला आणि पूर्ण पगारावर दोन हंगाम तेथेच राहिला. त्याला परत बोलावणेही सोपे नव्हते. त्या वेळी ‘पुनःप्रवेश वेव्हर’ नावाचा आणखी एक नियम होता. मोठ्या पगाराचा खेळाडू खालून वर आणताना त्याचे नाव पुन्हा सर्व संघांपुढे ठेवावे लागे, आणि दुसऱ्या संघाने मागितल्यास त्याला निम्माच भार उचलावा लागे. उरलेला निम्मा मूळ संघाच्या माथी राही. म्हणजे खाली जाताना कोणाला नको असलेला खेळाडू वर येताना निम्म्या किमतीत मिळत असे. या भीतीने संघ अशा खेळाडूंना वर बोलावण्याचे टाळत.

२०१३ मध्ये झालेल्या सामूहिक करारात दोन्ही गोष्टी बदलल्या. पुनःप्रवेश वेव्हर रद्द झाला. तसेच खाली पाठवलेल्या खेळाडूच्या पगारातून लीगचा किमान पगार अधिक ३ लाख ७५ हजार डॉलर एवढीच रक्कम मर्यादेबाहेर ठेवण्याची तरतूद आली; उरलेला पगार संघाच्या खात्यात मोजला जातो. हॉकीच्या वर्तुळात या तरतुदीला रेडनचेच नाव चिकटले. त्याच वर्षी रेंजर्सने त्याचा करार मोडीत काढून त्याला मोकळे केले. पुढे सेंट लुईस व बोस्टन या संघांतून तो काही काळ पुन्हा एनएचएलमध्ये खेळला.

आणीबाणीची दारे

दुखापतींची रांग लागली तर नियमही थोडे सैल होतात. आजारपण, दुखापत किंवा निलंबन यांमुळे संघात खेळण्याजोगे बचावपटू सहापेक्षा कमी उरले, तर ‘आणीबाणीचे बोलावणे’ पाठवता येते. परिस्थिती निवळताच त्या खेळाडूला परत पाठवावे लागते. मार्चमधील अदलाबदलीची मुदत संपल्यावर २३ जणांची मर्यादा उठते, पण नियमित बोलावण्यांची संख्या मर्यादित होते. त्यामुळे त्या काळात आणीबाणीच्या तरतुदीला विशेष महत्त्व येते.

खालचा बचावपटू किती मोलाचा ठरतो, हे व्हँकुव्हरने २०११ मध्ये अनुभवले. स्टॅन्ली चषकाच्या अंतिम फेरीत पहिल्याच सामन्यात डॅन हॅमह्यूस जायबंदी झाला, तर तिसऱ्या सामन्यातील धडकेबद्दल अ‍ॅरन रोमवर चार सामन्यांची बंदी आली. अखेर अंतिम फेरीच्या निर्णायक सामन्यांत ख्रिस टॅनेव्ह उतरला. हा २१ वर्षांचा खेळाडू निवड प्रक्रियेत कोणीच घेतला नव्हता आणि त्या हंगामाचा बराच काळ त्याने एएचएलमधील मॅनिटोबा मूसकडून काढला होता. सूट असल्यामुळे त्याला वर आणणे व परत पाठवणे संघाला सहज शक्य झाले. टॅनेव्ह पुढे दीर्घकाळ एनएचएलमधील भरवशाचा बचावपटू म्हणून नावाजला गेला. त्याच व्हँकुव्हर संघात तेव्हा असलेले भारतीय वंशाचे मॅनी मल्होत्रा पुढे प्रशिक्षक झाले, आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली अ‍ॅबट्सफर्डने २०२५ मध्ये एएचएलचा कॅल्डर चषक पटकावला.

एका दिवसाची किंमत

या वरखाली करण्यात खेळाडूचे बरेच काही पणाला लागलेले असते. २०२५-२६ मध्ये एनएचएलमधील किमान वार्षिक पगार ७ लाख ७५ हजार डॉलर होता. हंगामाच्या सुमारे १९० दिवसांत तो विभागला तर दिवसाला चार हजार डॉलरहून थोडे अधिक होतात. पहिल्या करारावरील तरुणाला एएचएलमध्ये मिळणारा वर्षभराचा पगार एक लाख डॉलरहूनही कमी असतो. म्हणजे वर काढलेला महिना त्याला खालच्या संपूर्ण हंगामापेक्षा अधिक देऊन जातो. दुमार्गी करारातील खेळाडूला त्यामुळे प्रत्येक दिवस मोजावा लागतो.

संघही दिवस मोजतात, पण उलट्या हिशेबाने. पगाराची मर्यादा दररोज मोजली जात असल्याने, सामना नसलेल्या दिवशी सूट असलेल्या तरुणाला कागदोपत्री खाली पाठवून दुसऱ्या दिवशी परत आणण्याची युक्ती रूढ झाली होती. खेळाडू जागचा हलतही नसे; हलत असे तो फक्त त्याचा पगार. २०२५ मध्ये मान्य झालेल्या नव्या सामूहिक कराराने याला आळा घातला. २०२५-२६ च्या हंगामापासून, खाली पाठवलेल्या खेळाडूने तेथे किमान एक सामना खेळल्याशिवाय त्याला परत बोलावता येत नाही.

वेव्हरच्या मूळ चौकटीला मात्र या कराराने हात लावलेला नाही. सूट असलेला तरुण बॅग भरून दोन शहरांमध्ये ये-जा करतो. त्याला संधी मिळते, पण स्थैर्य मिळत नाही. सूट संपलेल्याला संघात जागा मिळते, पण खेळायला मिळेलच असे नाही, आणि वेव्हरवर नाव लागले तर चोवीस तासांत त्याला कुटुंबासह दुसऱ्या शहरात बिऱ्हाड हलवावे लागू शकते. पंचविशीच्या उंबरठ्यावरील अनेक बचावपटूंसाठी मात्र हेच चोवीस तास मोठ्या संघात नियमित खेळण्याची एकमेव वाट ठरतात. म्हणून दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, सामने सुरू होण्याआधीच, या यादीकडे खेळाडू आणि व्यवस्थापक सारख्याच उत्सुकतेने डोळे लावून बसलेले असतात.